‘ताई, मला घोडा काढून द्या’

या वेळचे पत्र एका मॉन्टेसरी वर्गाच्या शिक्षिकेचे आहे. तीन ते सहा वर्षांची मुले एकत्र असलेल्या वर्गात त्या दोन वर्षांपासून काम करतात. पत्र मोठे आहे. त्यातला मुख्य भाग असा :

‘प्रशिक्षणात आम्हांला सांगितले होते की, मुलाच्या अभिव्यक्तीत मोठ्यांनी लुडबुड करू नये. म्हणून चित्रकलेच्या कोपऱ्यात मी काहीही शिकवत नाही. सहा रंगांच्या बाटल्या, कुंचले, कागद आणि मेणखडू मांडून ठेवते आणि मुलांना मोकळे सोडते. पण साडेतीन वर्षांचा एक मुलगा रोज येऊन सगळे रंग एकमेकांत कालवतो, कागद तपकिरी करतो, पाच मिनिटांत उठतो आणि ओला कागद तिथेच टाकून जातो. पाच वर्षांची एक मुलगी धातूच्या साच्यांचे, म्हणजे साच्याच्या कडेने पेन्सिल फिरवून आकृती काढण्याचे आणि भरण्याचे काम इतके नेटके करते की पाहत राहावे. मात्र कोऱ्या कागदासमोर बसली की “ताई, मला घोडा काढून द्या, मला येत नाही” असे म्हणत रडकुंडीला येते. मुले घरी काहीच का आणत नाहीत, असे पालक विचारतात. सर्व मुलांकडून एकसारखी कागदी फुलपाखरे करून घ्यावीत आणि भिंत सजवावी, असे मुख्याध्यापिका सुचवतात. मॉन्टेसरी पद्धतीत चित्रकला शिकवायची असते की नसते? आणि शिकवायची तर नेमके काय?’

सप्रेम नमस्कार.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण बाकीचे सारे त्यावर अवलंबून आहे. चित्रकला शिकवायची असते. कुंचला कसा धरावा, त्यावर रंग किती घ्यावा, जादा रंग कसा निपटावा, मातीचे दोन तुकडे एकमेकांना कसे जोडावेत, हातात घेतलेल्या पानाकडे कसे आणि किती वेळ पाहावे, हे सर्व शिकवायचे असते; आणि पाणी ओतण्याचे किंवा बटणे लावायला शिकवणाऱ्या चौकटीचे काम तुम्ही ज्या नेमकेपणाने दाखवता, त्याच नेमकेपणाने शिकवायचे असते. कागदावर काय उमटावे, ही एकच गोष्ट शिकवायची नसते. हाताची आणि डोळ्याची तयारी तुमच्याकडे आणि चित्र मुलाकडे, अशी ही वाटणी आहे. तुम्ही चित्रापासून दूर राहिलात हे योग्यच केलेत, परंतु त्याबरोबर कुंचल्यापासूनही दूर राहिलात, आणि तुमच्या कोपऱ्यातल्या बहुतेक अडचणी तिथून निघालेल्या आहेत असे मला वाटते.

या गैरसमजाचे मूळ सद्भावनेत आहे, म्हणून त्याबद्दल थोडे सविस्तर लिहिते. मुलांना चित्रकलेत मोकळे सोडावे हा विचार ही पद्धत घडवणाऱ्या मॉन्टेसरीबाईंच्या आधीपासूनचा आहे. व्हिएन्नात कलाशिक्षक फ्रान्झ चिझेक यांनी 1897 मध्ये मुलांसाठी कलावर्ग सुरू केला तो याच श्रद्धेने की, मुलांची कला ही स्वतंत्र कला आहे आणि मोठ्यांचे नमुने गिरवायला लावून आपण ती मारून टाकतो. त्या काळी शाळांमध्ये फळ्यावरची आकृती जशीच्या तशी उतरवून घेत असत, हे लक्षात घेतले म्हणजे या विचाराचे मोल कळते. मारिया मॉन्टेसरी यांनी 1907 मध्ये रोमच्या सान लोरेंझो वस्तीत पहिले ‘बालकांचे घर’, म्हणजे लहान मुलांची आपली पहिली शाळा, उघडले. नमुने गिरवून घेण्याला त्यांचाही विरोध होता, पण नुसते मोकळे सोडण्यावर त्यांचा भरवसा नव्हता. चित्र शिकवण्यापेक्षा चित्र ज्यांच्यामुळे उमटते तो हात आणि तो डोळा तयार करावा, अशी त्यांची भूमिका होती. लेखनाच्या बाबतीत आपण हेच करतो : मूल पहिला शब्द लिहिते त्याच्या कितीतरी आधी त्याची बोटे लाकडी दंडगोल उचलण्याच्या लहान मुठींनी, बोटाने गिरवायच्या खरकागदाच्या अक्षरांनी आणि धातूच्या साच्यांनी तयार झालेली असतात. शब्द कोणता लिहावा हे आपण सांगत नाही, पण हात तयार नसताना ‘लिही मनाला येईल ते’ असेही म्हणत नाही. कोऱ्या कागदासमोर सहा बाटल्या ठेवून बाजूला होणे हे त्यातले दुसरे आहे.

आता त्या साडेतीन वर्षांच्या मुलाकडे येते. त्याच्याबद्दलचा तुमचा मजकूर मी दोनदा वाचला, कारण त्यात तुमची काळजी आहे आणि थोडीशी नाराजीही आहे. नाराजी आधी दूर ठेवा. या वयात रंग हा पदार्थ आहे. तो ओघळतो, पसरतो, दुसऱ्यात मिसळून नाहीसा होतो, आणि हे सारे आपल्या हातामुळे घडते हा मुलाला लागलेला मोठा शोध असतो. काहीतरी ‘काढणे’ ही त्या मुलाची गरज अजून नसेलही. पण तो पाच मिनिटांत उठतो, ही गोष्ट मात्र विचार करण्याजोगी आहे, कारण आवडीचे काम सापडलेले मूल इतक्या लवकर उठत नाही. माझा अंदाज असा की, त्याच्यासाठी तिथला शोध पाच मिनिटांतच संपतो. सहा ओले रंग एकत्र आले की ते कोणत्याही क्रमाने आले तरी शेवट एकच होतो : प्रत्येक रंगद्रव्य प्रकाशाचा आपापला वाटा शोषून घेते, सहा जणांनी आपापला वाटा घेतला म्हणजे परत यायला फारसे काही उरत नाही, आणि मळकट तपकिरी तेवढी राहते. रोज तोच शेवट दिसत असेल तर मूल थांबेल कशासाठी?

म्हणून पहिली गोष्ट ही करा की, उद्या सकाळी मुले येण्याआधी पाच बाटल्या उचलून कपाटात ठेवा. एका तबकात एकच रंग, तोही तळाशी बोटभर, एक कुंचला, एक ओला स्पंज, कागद एका वेळी एक. हे सगळे एका मुलाला एका खेपेत उचलून नेता येईल इतके हलके असावे. मग त्या मुलाला बोलावून काम दाखवा, आणि दाखवताना शक्य तितके कमी बोला. ॲप्रन घालणे, कागद सरळ ठेवणे, कुंचला टोकापर्यंत बुडवणे, बाटलीच्या काठावर दोन्ही बाजूंनी निपटणे, कागदावर एक लांब रेघ ओढणे, मग कुंचला आडवा करून जाड रेघ, मग नुसत्या टोकाने ठिपके. तुमच्या कागदावर फूल, घर, सूर्य असे काहीही येऊ देऊ नका. ओळखू येणारी वस्तू तुम्ही काढली की मुलाच्या दृष्टीने तोच त्या दिवसाचा धडा होऊन बसतो आणि पुढचा आठवडाभर सगळ्या कागदांवर तुमचे फूल दिसत राहते. रेघा, ठिपके, पट्टे एवढेच दाखवा, मग आपला कागद उचलून बाजूला ठेवा, म्हणजे त्याच्या डोळ्यांसमोर नमुना उरणार नाही, आणि जागा त्याला द्या.

एका रंगाने किती दिवस काम करावे याचा ठरीव आकडा नाही. त्याची रेघ त्याला हवी तिथे थांबू लागली की दुसरा रंग ठेवा. पहिली जोडी पिवळ्या आणि निळ्याची ठेवावी असे मी सुचवेन, आणि दाखवताना पिवळ्यापासून सुरुवात करावी, कारण पिवळ्यात निळ्याचा एक थेंब गेला तरी फरक दिसतो, तर निळ्यात पिवळा कितीतरी घालावा लागतो. यांतून हिरवा होतो हे त्याला आधी सांगू नका. ज्या दिवशी तो त्याच्या कागदावर होईल, त्या दिवशी तो तुम्हांला शोधत येईल, आणि तेव्हा तुम्हांला फक्त पाहायचे आहे. कुंचला धुण्याची रीत मात्र दोन रंग झाले त्याच दिवशी दाखवावी लागते : पाण्यात खळबळवणे, काठावर निपटणे, स्पंजावर टेकवून रंग उरला आहे का ते पाहणे, आणि मगच दुसऱ्या बाटलीत बुडवणे. स्पंजावरचा डाग त्याला स्वतःची चूक दाखवतो. तुम्ही बोलण्याची गरज राहत नाही. मोठ्यांना कंटाळवाणी वाटणारी ही क्रिया या वयाच्या मुलांना अतिशय आवडते, कित्येकदा चित्रापेक्षाही अधिक. पाणी बदलायला जाणे, बाटल्यांची झाकणे लावणे, टेबल पुसणे, ओला कागद दोन्ही हातांनी धरून दोरीवर लावणे, हे सर्व कामाचेच भाग म्हणून दाखवा. तो ओला कागद तिथेच टाकून जातो असे तुम्ही लिहिले आहे, पण तो कुठे आणि कसा न्यायचा हे त्याला कोणी दाखवले होते का, याचा उल्लेख पत्रात मला दिसला नाही.

रंग कालवण्याची त्याची हौसही मारू नका. त्यासाठी वेगळे तबक करा : खळगे असलेली पांढरी थाळी, दोन रंग, एक ड्रॉपर. कालवणे हे तिथले काम आणि रंगवणे हे इथले काम, असा भेद जागेमुळे आपोआप होतो. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत असाच एक मुलगा माझ्या वर्गात होता. ‘आता पुरे, चांगला कागद खराब झाला’ असे मी त्याला एकदा म्हणाले, आणि पुढे कित्येक आठवडे तो त्या कोपऱ्याकडे फिरकला नाही. मला आज त्या वाक्याचे वाईट वाटते, कारण खराब झालेला तो कागद त्याच्या दृष्टीने पूर्ण झालेला होता.

पाच वर्षांच्या मुलीचा प्रश्न अधिक नाजूक आहे. धातूच्या साच्यांवर उत्तम काम करणारी मुलगी कोऱ्या कागदावर का अडते, याचे तुम्हांला आश्चर्य वाटले. मला त्यात विसंगती दिसत नाही. ते दहा साचे, म्हणजे सरळ कडांचे पाच आणि वळणदार कडांचे पाच, 14 सेंटिमीटरच्या चौकोनी चौकटींत बसवलेले असतात आणि पेन्सिलीला सतत धातूच्या कडेचा आधार असतो. आकृतीच्या आत समांतर रेघा भरताना हाताला हलकेपणा आणि ताबा येतो, आणि लेखनाची तयारी म्हणून त्या साहित्याची बरोबरी करणारे दुसरे काही नाही. परंतु ते चित्र नव्हे. तिथे कड आधीच ठरलेली असते, आणि कोऱ्या कागदावर कड कुठे आहे हे मुलाने स्वतः ठरवायचे असते. साच्यांच्या कामाला चित्रकला समजून त्यावर समाधान मानणारे वर्ग मी पाहिले आहेत, आणि तिथली मुले अतिशय सुबक काम करतात व रिकाम्या कागदाला भितात. त्या मुलीचा हात तयार आहे. डोळ्याला मात्र अजून तेवढे काम मिळालेले नाही.

तिला घोडा काढून देऊ नका. तुम्ही काढलेला घोडा चांगला असेल तर तिची खात्रीच होईल की असा आपल्याला जमणार नाही, आणि वाईट असला तरी पुढच्या वेळी ती तोच उतरवील. ‘तुला येतो, काढ बघू’ असेही म्हणू नका, कारण तिला येत नाही हे ती खरे सांगते आहे आणि खरे सांगणाऱ्या मुलाला आपण खोटे पाडू नये. तिच्या शेजारी बसा आणि घोड्याविषयी बोला. घोड्याचे काय तिला आवडते? तो उभा आहे, पळतो आहे की गवत खातो आहे? मान वर आहे की खाली? चार पाय पोटाच्या कोणत्या भागातून निघतात? वर्गात प्राण्यांची लहान प्रतिकृती असतेच. ती तिच्या हातात द्या आणि कानापासून शेपटीपर्यंत बोटाने वरून फिरायला सांगा. खरकागदाच्या अक्षरावरून बोट फिरवण्याची, भूमितीच्या कपाटातल्या लाकडी आकृतींची कड बोटाने चाचपण्याची तिला सवय आहे. ही तीच क्रिया आहे, फक्त कड आता जिवंत वस्तूची झाली. मग तेच बोट कोऱ्या कागदावर फिरवू द्या. पेन्सिल त्यानंतर. माझा अनुभव असा आहे की, इथपर्यंत आलेली मुले बहुधा आपणहून पेन्सिल उचलतात, आणि जे उमटते ते घोड्यासारखे असो वा नसो, ते त्यांचे असते.

त्याच दिवशी ती तयार झाली नाही तर मातीकडे न्या. मातीचा घोडा चारी बाजूंनी पाहता येतो, पाय मोडला तर पुन्हा लावता येतो आणि चूक पुसल्याची खूण राहत नाही, त्यामुळे कागदाला भिणारी मुले मातीला भीत नाहीत. मात्र मातीचेही शिक्षण द्यावे लागते : गोळा करणे, वळी वळणे, चिमटीने ओढून अवयव काढणे, आणि जोडायचे दोन्ही पृष्ठभाग ओरखडून त्यांवर पातळ कालवलेली माती लावून दाबणे. हे शेवटचे न दाखवल्यामुळे वाळल्यावर पाय गळून पडतात आणि मूल ‘मला येत नाही’ या निष्कर्षावर पुन्हा येते. माती घट्ट झाकणाच्या डब्यात ओलसर फडक्याखाली ठेवा. कडक झालेल्या मातीशी लहान बोटे झगडू शकत नाहीत.

पुढे रोज पाहून काढण्याचे एक तबक मांडणीवर असू द्या. त्यात एकच वस्तू ठेवा, जसे की पान, शिंपला, पीस, बियांचे बोंड, आणि सोबत भिंग, पेन्सिल व लहान कागद. मोठा कागद या कामाला घेऊ नका. हाताएवढ्या वस्तूला हाताएवढा कागद पुरतो आणि तो भरून काढण्याचे ओझे वाटत नाही. वस्तू दर आठवड्याला बदलावी.

या कामातून जे निघेल त्यावर दुरुस्ती करण्याचा मोह आवरा. फ्रेंच अभ्यासक जॉर्ज-आंरी ल्युके यांनी मुलांच्या चित्रांविषयी फार महत्त्वाची गोष्ट नोंदवली आहे की, मूल जे दिसते त्यापेक्षा जे ठाऊक असते ते काढते. बाजूने दिसणाऱ्या घोड्यालाही दोन डोळे असतात, कारण घोड्याला दोन डोळे आहेत. घराच्या भिंतीआडची माणसे दिसतात, कारण ती आत आहेत. तीन-चार वर्षांच्या मुलांची माणसे एका मोठ्या गोलातून थेट हातपाय निघालेली असतात, आणि ती कुणी शिकवलेली नसतात. हे टप्पे आपोआप येतात आणि आपोआप सरतात. तुमची मुलगी पाच वर्षांची आहे, आणि या सुमारास मुले स्वतःचे काम शेजारच्याच्या कामाशी ताडून पाहू लागतात. म्हणूनच कदाचित गेल्या वर्षी जे तिने बिनदिक्कत काढले असते तेच आज तिला ‘येत नाही’.

इथेच स्तुतीबद्दल सांगते, कारण तुम्ही विचारले नसले तरी ते या प्रश्नाला चिकटून आहे. 1973 मध्ये अमेरिकेत लेपर, ग्रीन आणि निस्बेट या तीन मानसशास्त्रज्ञांनी एका बालवर्गातल्या तीन ते पाच वर्षांच्या मुलांवर एक प्रयोग केला. स्केचपेनने चित्रे काढण्याची ज्यांना मुळातच आवड होती, अशीच मुले त्यांनी निवडली. काही मुलांना आधीच सांगितले की चित्र काढलेत तर सोनेरी शिक्का आणि रिबीन लावलेले प्रशस्तिपत्र मिळेल; काहींना न सांगता नंतर ते दिले; काहींना काहीच दिले नाही. एक-दोन आठवड्यांनी तेच पेन वर्गात मोकळेपणाने ठेवले, तेव्हा बक्षिसाच्या बोलीवर काम केलेल्या मुलांनी इतरांच्या जवळपास निम्माच वेळ त्यांच्याशी घालवला. आवडीचे काम मोबदल्याचे झाले आणि मोबदला थांबताच त्यातला रस उतरला. तुम्ही प्रशस्तिपत्रे देत नसाल, पण प्रत्येक कागदावर ‘अरे वा, किती सुंदर’ म्हणणे हेही लहान मुलाच्या हिशेबात लहानसे बक्षीसच असते, आणि ते ऐकण्यासाठी मुले दोन मिनिटांत कागद उरकून आणू लागतात. ‘हे काय काढलेस?’ हा प्रश्नही टाळा, कारण काहीच काढायचे मनात नसलेल्या मुलाला त्यामुळे उत्तर शोधावे लागते. जे दिसते ते सांगा : ‘इथे तू कुंचला आडवा धरलेला दिसतो’, ‘हा निळा कागदाच्या काठापर्यंत गेला आहे’. आणि कामात मग्न असलेल्या मुलाला काहीच सांगू नका. दुरून पाहणे पुरे.

कातरकाम आणि चिकटकाम यांविषयी तुम्ही विचारलेले नाही, म्हणून एवढेच सांगते की, कात्री खरोखर कापणारी असावी, डावखुऱ्या मुलांसाठी डावी कात्री असावी, आणि सुरुवात एका फटक्यात तुटेल अशा अरुंद पट्टीने करून मग सरळ रेघ, नागमोडी रेघ, वळण आणि शेवटी चक्राकार रेघ असा क्रम ठेवावा.

आता फुलपाखरे. तुमच्या मुख्याध्यापिकांची गरज खोटी नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याला वर्गात काही चालते हे दिसावे असे त्यांना वाटते, आणि पालकांनाही तेच हवे आहे. पण मोठ्यांनी आखून, मोठ्यांनी अर्धे कापून मुलांकडून चिकटवून घेतलेल्या पंचवीस सारख्या फुलपाखरांत मुलाचा वाटा किती असतो, हे पाहण्याची एक सोपी कसोटी आहे. मागे लिहिलेली नावे झाकून कामे सरमिसळ करा. कोणते कोणाचे हे मुलांना ओळखता आले नाही, तर ती कामे मुलांची नव्हेत. त्यात एक दुसरे नुकसानही आहे : ज्या मुलाचे फुलपाखरू वाकडे झाले त्याला, त्याने कधी न मागितलेल्या नमुन्याशी तुलना होऊन, आपण कमी आहोत हे भिंतीवरून रोज वाचावे लागते. तुमच्या त्या मुलीसारखी मुले अशा भिंतींनीही घडत असतात.

नुसता नकार देण्याऐवजी मुख्याध्यापिकांपुढे दुसरी भिंत ठेवा. एकच वस्तू, समजा एकच मोठे पान, आठवडाभर पाहून काढण्याच्या तबकात असू द्या, आणि ज्या मुलांनी आपणहून काढले आणि लावायला होकार दिला त्यांचे कागद ओळीने, मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर, सारखी समास सोडून लावा. मध्यभागी ते पानही लावा. विषय एक असल्यामुळे भिंत एकसंध दिसते आणि प्रत्येक पान वेगळे असते. खाली दोन ओळी लिहा : मुलांनी काय पाहिले, कोणत्या साधनाने काढले. पालकांना त्या ओळी चित्रांइतक्याच वाचायच्या असतात, हे मी अनेकदा पाहिले आहे.

पालकांशी मात्र मोकळेपणाने बोलावे लागेल. त्यांना सांगा की, या वयाच्या कलाकामातला मोठा भाग कागदावर उरतच नाही. माती डब्यात परत जाते, थाळीतले रंग धुतले जातात, कुंचला धुण्यात गेलेली पंधरा मिनिटे घरी नेता येत नाहीत. प्रत्येक मुलासाठी एक जाड कागदाची घडी करा, त्यात मुलाने ठेवायचे ठरवलेली कामे तारीख घालून जमा करा आणि दोन-तीन महिन्यांनी पालकांना शेजारी बसवून एकत्र पाहा. सप्टेंबरची रेघ आणि डिसेंबरची रेघ एकमेकींशेजारी ठेवल्या की फारसे समजावावे लागत नाही. तारीख आणि नाव कागदाच्या मागे लिहा. समोरच्या बाजूला काही लिहायचे असेल तर मुलाला विचारून लिहा, कारण समोरची बाजू पूर्णपणे त्याची आहे.

डोळ्याच्या तयारीत शेवटची भर थोर चित्रांची. पहिल्या बालकांच्या घरांसाठी मॉन्टेसरीबाईंनी इटालियन चित्रकार राफाएलचे माता आणि बालकाचे चित्र, ‘मादोना देल्ला सेज्जोला’, निवडले होते. मुलांच्या वर्गात मुलांच्याच तोडीचे नव्हे तर थोर चित्र असावे, हे त्यांना महत्त्वाचे वाटत होते. तुमच्या कोपऱ्यात एका वेळी एकच चांगली प्रत, खाली, मुलाला जवळ जाऊन पाहता येईल अशी लावा, आणि महिनाभराने बदला. त्या मुलीच्या घोड्याच्या दिवसांत घोड्याचे चित्र लावण्याचा विचार तुमच्या मनात येईल; तो टाळा, नाहीतर तेच तिचा नमुना होऊन बसेल. तिचे घोडे काढून झाल्यावर लावा, म्हणजे ती त्याकडे काम करणाऱ्याच्या नजरेने पाहील.

त्या मुलाचे तपकिरी कागद तुम्ही अजून टाकले नसतील तर त्यांतले पाच-सहा वाळवून जपून ठेवा. रंग ओळखायला आणि जुळवायला वर्गात असणाऱ्या रंगपट्ट्यांच्या दुसऱ्या पेटीतल्या अकरा जोड्यांत तपकिरीची एक जोडी आहेच, आणि तिसऱ्या पेटीत नऊ रंगांच्या प्रत्येकी सात छटा, म्हणजे 63 पट्ट्या असतात, त्यांत तपकिरीच्या गडदपासून फिक्यापर्यंत सात आहेत. काही महिन्यांनी तो त्या पेटीपर्यंत येईल आणि त्या सात पट्ट्या ओळीने लावील, तेव्हा हे कागद त्याच्या चटईशेजारी ठेवा आणि त्याचा कोणता तपकिरी कोणत्या पट्टीजवळ बसतो ते त्याला शोधू द्या. तो काय करतो ते मला अवश्य कळवा.